टेंभरेभाऊंचा समुद्र

मे महिन्यात गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीत पारा सेहेचाळीसला टेकतो, तेव्हा टेंभरेभाऊ ओला दुपट्टा तोंडावर घेऊन ओसरीतल्या बाजेवर पडलेले असतात आणि आतल्या खोलीत त्यांचा एसी चालू असतो. तो एसी समुद्रासाठी आहे. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, काचेचा समुद्र. "तुम्ही पण आत का झोपत नाही?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी आत गेलो तं खोली गरम होते ना मॅडम. मानसाच्या अंगात लई गरमी राहते."

मी त्यांची शेजारीण. बिरसीच्या विमानतळाजवळच्या शाळेत शिकवते. दिवसभर डोक्यावरून शिकाऊ विमानं घिरट्या घालतात आणि खाली मी पाढे घेते. शाळा सुटली की मतदारयाद्या, याद्या संपल्या की कसलं तरी सर्वेक्षण. घरी येते तेव्हा मला फक्त भिंतीला पाठ टेकून बसायचं असतं. पण आमची भिंत आणि भाऊंची भिंत एकच आहे, आणि तिच्या पलीकडे अहोरात्र पाणी खळखळत असतं. तेव्हा या लिखाणात माझा थकवा अधूनमधून डोकावेल, त्याला माझा इलाज नाही.

टेंभरेभाऊंचं वय साठीच्या आसपास. सहा एकर धान, घरात एकटेच. लग्न केलं नाही, किंवा झालं नाही. गावात दोन्ही सांगतात. खरा समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. डोळे तपासायला नागपूरला गेले होते, तिथल्या दवाखान्यात खाऱ्या पाण्यातल्या माशांची एक टाकी होती. नाव पुकारलं तरी यांचं लक्ष नाही. डोळे न तपासताच परत आले आणि महिनाभराने घरात समुद्र आला. ज्या खोलीत आला ती त्यांच्या पुतणीची, पायलची. कॉलेजची पाच वर्षं पोरगी यांच्याकडे राहिली होती. ती नोकरीला लागून नागपूरला गेली आणि खोली रिकामी पडली होती.

टाकीत मासे दोनच आहेत, तेही उगीच. खरा मान मऊ प्रवाळांचा. दगडाला धरून बसलेले, फुलासारखे दिसणारे, पण झाड नव्हेत, प्राणी. भाऊंनी ते नागपूरच्या दुकानातून पिशवीत बांधून, रेल्वेत मांडीवर घेऊन आणले. दुकानदाराने सांगितलेली इंग्रजी नावं गोंदिया स्टेशन येईपर्यंत विसरले आणि आपली ठेवली. हिरव्यागार गवतासारखा पसरतो, लाटेबरोबर डुलतो, तो पऱ्हा. भाताच्या रोपांचा पऱ्हा टाकला की शेताची बांधी दिसते तसाच. आणि मधोमध मोठ्या छत्रीसारखा असतो तो सात्या. पावसाळ्यात जंगलात सात्या, म्हणजे अळंबी, निघतात, आपण भाजी करतो, त्यांच्यासारखा दिसतो म्हणून. पाहुणे आले की हमखास विचारतात, "याची भाजी होते का जी?" मग त्या पाहुण्यांना चहा मिळत नाही.

सुरुवातीला त्यांनी जी चूक केली ती धानवालाच करू जाणे. पऱ्हा फिकट पडला. धान पिवळा पडला की आपण काय टाकतो? यांनी चिमूटभर युरिया टाकला. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं आणि सगळं साफ. त्या दिवशी भाऊंनी स्वयंपाक केला नाही. मी पोहे नेऊन दिले तर ताटलीकडे न पाहता म्हणाले, "अकलेचा कांदा आहे मी, मॅडम." मग नवे प्रवाळ आणले आणि त्यानंतर मात्र माणूस शिकला. मीठ मोजायचं, पाणी गाळायचं, दर आठवड्याला त्याचा दहावा हिस्सा बदलायचा. उन्हाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे मला तोंडपाठ आहे. भिंत पातळ आहे आणि भाऊ सगळं मोठ्याने म्हणतात.

लाइन गेली की आमच्या गल्लीत आधी भाऊंचा आवाज येतो, मग अंधार कळतो. इन्व्हर्टरवर पंखा नाही, दिवा नाही, फक्त लाट करणारा पंप. माझ्या फ्रिजमध्ये त्यांच्या बर्फाच्या चार बाटल्या कायम असतात. आमच्या ह्यांना कैरीचं पन्हं ठेवायला जागा मिळत नाही. मी कधी कुरकुरले तर उत्तर ठरलेलं, "समुद्राले सुट्टी नसते, मॅडम."

हे वाक्य ते सगळ्यांनाच ऐकवतात. तेरवी, बारसं, साखरपुडा, कुठलंही बोलावणं आलं की समुद्राले सुट्टी नसते. तीन वर्षांत हा माणूस एकाही लग्नाला गेला नाही. गावाने त्यांना टाकीवेडा ठरवलं, आणि खोटं कशाला सांगू, मीही ठरवलं.

यंदा एप्रिलमध्ये पायल स्वतः आपल्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. तिचा बाप सुखराम, म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ, कोहमाऱ्याला असतो, त्याचे दोन ट्रक आहेत. लग्न तिथेच, हायवेजवळच्या लॉनवर. पायल पत्रिका टाकीवर ठेवून म्हणाली, "मोठेबाबा, या लग्नाले यावं लागते."

"टाकी कोन पाहीन?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी उसनी वाटी परत द्यायला आले होते. सुट्टी लागायला आठ दिवस होते आणि त्या सुट्टीत काहीही न करण्याचा माझा पक्का बेत होता. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी पाहीन," असं कुणीतरी म्हणालं, आणि ती मीच होते.

पायल गेली. भाऊ काचेवरचं शेवाळ खरवडत राहिले. मी वैतागून म्हटलं, "आता काय अडचण आहे? पोरगी इतकी वर्षं तुमच्या घरात राहिली."

खरवडणं न थांबवता ते काचेकडेच पाहत बोलले. "मॅडम, तुमाले कोठी माहीत आहे ना?"

कोठी म्हणजे लग्नघरात बुंदी, पुऱ्या, तूप ठेवतात ती कुलुपाची खोली. चावी भरवशाच्या माणसाकडे देतात.

"जवान होतो तवा लग्नात गेलो का सगडे विचारत, तुह्यं कधी? मंग विचारनं बंद झालं अन् चावी देनं सुरू झालं. जोडीनं बसाचं काम मले नाही, लेकरं सांभाराचं काम नाही, मंग एकटा मानूस कोठीत बरा. एवढी लग्नं झाली घरात, मी एकाबी नवरीले हार घालताना पाहिलं नाही. बँड आयकू येते, तेवढंच. बाकीच्यायचं ठीक आहे. पन पायलच्या लग्नात कोठीत बसनं मले जमनार नाही. त्याच्यापेक्षा टाकीचं नाव सांगतलेलं बरं."

मला स्वतःचीच लाज वाटली. "तुम्ही जा," एवढंच म्हणाले. "मला शिकवा काय ते."

ते शिकवणं आठवलं तरी माझी कंबर दुखते. पाण्याचा थेंब नळीसारख्या यंत्राच्या काचेवर घ्यायचा, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून मिठाची रेघ पाहायची. पस्तीसवर पाहिजे. माझी छत्तीसवर दिसली तर म्हणाले, "पुन्हा." तीस वर्षं मी पोरांना 'पुन्हा' म्हणत आले. हात धुवायचे, पण साबण नाही. खोलीत उदबत्ती नाही, मच्छरचा फवारा नाही, डोक्याला तेल लावून वाकायचं नाही. प्रवाळांना बोट लावायचं नाही. शेवटी उजळणी घेतली आणि मी काठावर पास झाले.

लग्नाच्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. फाटकापर्यंत जाऊन तीनदा परत आले. चौथ्यांदा मी आतून कडी लावली.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. चारच्या सुमारास पाहते तर सात्या मिटलेला. छत्री आक्रसून मुठीएवढी झालेली, वर मेणासारखा चिकट पापुद्रा, रंग मेलेला. मी भाऊंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. ज्या माणसाने येता-जाता दहा वेळा फोन करायला हवा होता, तो माझा फोन उचलेना. आमचे हे येऊन डोकावले आणि जुना दातांचा ब्रश घेऊन आले, "घासून पाहू का?" घासायला हवं असं मलाही वाटत होतं. पण खरं सांगते, हात उचलायचं त्राण नव्हतं. पंपाचं तोंड तेवढं त्याच्याकडे थोडं वळवलं आणि खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळपर्यंत अकरा फोन केले. भाऊंना काय तोंड दाखवू, याचाच विचार करत होते. तीन वर्षांनी एकदाचा लग्नाला गेला माणूस, आणि माझ्या हातून त्याचा सात्या गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोहमाऱ्याहून पहिल्या गाडीने आले. चप्पल काढायच्या आधीच मी सुरू झाले, "फोन काऊन नाही उचलला? अकरा वेळा केला!"

त्यांनी सात्याकडे एकदा पाहिलं. "कात टाकून राहिला. आठ-दहा दिवस मिटून राहते, मंग पापुद्रा निघून जाते अन् उघडते. हात नाही ना लावला? घासलं असतं तं मेला असता."

"नाही लावला."

"मंग झालं." आणि टाकीकडे पाठ करून खुर्चीवर बसले. मिठाची रेघ विचारली नाही, गर्मी विचारली नाही. सदरा चुरगळलेला, केसांत तांदळाचे दाणे अडकलेले.

"गेल्या गेल्या सुखरामनं चावी देली हातात," ते म्हणाले. "मी बी घेतली. कोठीत जाऊन बसलो. बुंदी होती, पुऱ्या होत्या. बाहेर बँड वाजाले लागला. मंग मनात आलं, सात्याले सोडून आलो अन् इथी पुऱ्या पाहून राहिलो मी? कुलूप लावलं, चावी खिशात टाकली अन् मांडवात जाऊन बसलो. पहिल्या रांगेत. फोन वाजून राहिला होता, समजलो सुखरामच असन, चावी मांगत असन. म्हनून नाही उचलला."

"अहो, मग पंगत?"

"अडली ना! हार पडेपर्यंत पाऊन घंटा अडली, मंग मीच चावी नेऊन देली. नवरदेवाचा मामा लई चिडला. सुखराम मले पूर्ण लॉनवर ढुंढून राहिला होता. मी समोरच बसून होतो, पन तिथं मी असन असं त्याले वाटलंच नाही." ते थोडे हसले. "मंग तो स्टेजवर पायलले विचाराले गेला, मोठेबाबा दिसले काय म्हनून. पायल माह्याकडेच पाहून राहिली होती. तिले सगडं समजलं होतं. म्हने, नाही जी बाबा, नाही दिसले."

त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ दुपट्टा तोंडावरच ठेवला. काहीतरी करायला हवं म्हणून मी चहा टाकला. चहा घेऊन आले, तेव्हा भाऊंनी वरात लॉनच्या दारात आल्यापासून सगळं पुन्हा सांगायला घेतलं, आणि मी समोर बसून पुन्हा ऐकलं.