मगजप्रांतीच्या महाराजांनी जागा सोडिली त्याची हकीकत

श्री. ज्यांच्या पाठीवरून वारा अंगोपांगी पोहोचतो त्या अदृश्य हमालांस नमन करून हे वर्तमान लिहिले. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर. एका मनुष्याच्या छातीच्या हाडात, जेथे रक्त घडते त्या मगजप्रांती, एक राज्य होते. राज्य म्हणजे एक पेशी. सुईच्या अग्रावर ऐसी कैक मावतील, परंतु दिमाख साऱ्या पृथ्वीचा. भोवती तट होता तो पातळ परंतु हुशार, साखर आली तर वाट द्यावी आणि भलतेसलते आले तर दारीच तिष्ठत ठेवावे. मध्ये महाराजांचे सिंहासन आणि त्यांजपाशी वाडवडिलांची पोथी, जीत राज्यातील एकूणएक वस्तू कैसी घडवावी ते लिहिलेले. पोथी महालाबाहेर न्यावयाची नाही ऐसा शिरस्ता, म्हणोन कारभारी विसाजीपंत लागेल त्या पानाची नक्कल करीत आणि कारागिरांस देत, आणि कारागीर नकलेबरहुकूम माल घडवीत. भट्ट्यांचे सरदार हैबतराव. त्यांचे पूर्वज परमुलखातून आले ते येथेच राहिले. ते साखर आणि वारा जाळून कुल राज्यास बळ पुरवीत आणि सर्वांस त्याची आठवण देत. विसाजीपंतांचा जीव मात्र महाराजांवर. आपण नक्कल न केली तर स्वामींचा शब्द महालातच राहील, हा अभिमानही थोडा होताच.

ऐसे असता मूत्रपिंडप्रांतीहून सांगावा आला की, वारा कमी पडतो, मदत पाठवावी. महाराजांस स्फुरण चढले आणि आज्ञा जाहली की, वारा भरावयाचे तांबडे रांजण करा. मग पंतांनी नकला केल्या आणि रांजण जाहले, आणि महाराज म्हणाले आणखी करा, मग आणखी जाहले, आणि दुसरा हुकूमच निघेनासा जाहला. रांजण तटास भिडले, महालास भिडले, महाराज आक्रसून कोपऱ्यात बसले तरी आज्ञा तीच. शेवटी मुंगीस वाट राहिली नाही. तेव्हा खलबत बसले आणि हैबतराव बोलिले की, सर्वांत मोठी अडगळ सिंहासनाची आहे. सर्वांनी माना खाली घातल्या आणि मसलत मंजूर केली. हे सांगावयास कोणी जावे, तर पंतांनी जावे, कारण ते स्वामींच्या मर्जीतले.

पंत गेले. सरळ सांगितले की, स्वामींनी जागा सोडावी. महाराज पुसते जाहले, "पंत, आम्ही गेल्यावर तुटलेफुटले नवे कोण करील?"

"कोणी नाही, महाराज. आहे ते झिजेतो चालवू. मग राज्यही जाईल."

"आणि वारा पोहोचेल?"

"पोहोचेल."

"तर मग दार कोणीकडे ते दाखवा," महाराज म्हणाले.

पोथी काखेत मारून स्वारी निघाली आणि तटाबाहेर पाऊल पडताच तेथल्या थोराड पहारेकऱ्याने स्वारीस पोथीसुद्धा एका घासात गिळिले. सलामीची व्यवस्था नव्हती. पंत दारी उभे राहून रडले.

हैबतराव मात्र आता आपलेच राज्य ऐसे समजोन पाय पसरून बसले. तों कारागीर म्हणाले की, सरकार, आपल्या भट्ट्या वारा खातात आणि आपला माल तर वाराच. हमालानेच शिदोरी फस्त केली तर पोहोचवावे काय.  हैबतरावांचीही बोळवण त्याच दाराने जाहली. पंतांनी उरलेल्या नकलांवरून शेवटचे रांजण करविले, मग नकला विरल्या, कारागीर पांगले, आणि पंतही कोणा न कळता विरून गेले. स्वतःविषयी वाईट वाटण्यास त्यांस सवड मिळाली नाही.

मग ते बिनराजाचे राज्य रक्ताच्या हमरस्त्यास लागले, आणि फुफ्फुसप्रांती रांजण भरून घेऊन त्या मनुष्याच्या पायाच्या करंगळीस गेले. तेथे गल्ली राज्याहून अरुंद. आत सिंहासन असते तर तेथेच अडते; ते नव्हते म्हणोन राज्य दुमडले, घासत गेले आणि वारा उतरता जाहला. शेजारी एक राज्य गुदमरत होते, तेथील महाराजांनी तो घेतला, भट्ट्या पेटविल्या, आणि कोठून आला हे पुसिले नाही.

येणेप्रमाणे एका महाराजांनी जागा सोडिली आणि दुसऱ्यांचे सिंहासन राहिले. घडले तैसे लिहिले.