वेणूबाईची अंडी आणि राजधानीचं अनुदान

एका जंगलात, मुलांनो, चोऱ्या फारच कमी होत. ही काही चांगली गोष्ट नाही, हे तुम्हांला शेवटी कळेलच. तोवर चुळबुळ करू नका.

त्या जंगलाची एक जुनी रीत होती. ज्याने ज्याच्या घरी चोरी केली, त्याने पुढच्या हंगामात त्याच घराची राखण करायची. मार नाही, कोठडी नाही. दारात बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे टोमणे ऐकायचे.

गुणाजी नावाचं एक उदमांजर होतं. गेल्या वर्षी त्याने तळ्याकाठच्या वेणूबाई पाणकोंबडीचं एक अंडं खाल्लं. म्हणून यंदा पंचांनी त्याला तिच्याच घरट्यापाशी बसवलं. पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत हलायचं नाही.

आणि गुणाजी हलला नाही. एक अंडं जरी कमी झालं असतं, तरी सगळ्या जंगलाने त्याच्याचकडे पाहिलं असतं. शिवाय चोर कुठल्या बाजूने येतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. जवळच्या वारुळात एक घोरपड राहायची. ती रोज अंड्यांकडे बघायची, मग गुणाजीकडे बघायची आणि मुकाट्याने परत जायची.

"वेणूबाई, जावा तुमी. चार किडं खाऊन या," गुणाजी म्हणायचा. "मी हाय हितं."

"तू हायेस म्हणून तर पाय निघंना," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. आता मात्र ती निवांत जाऊन येई.

असं सगळं बरं चाललं होतं. पण जंगलाला सभापतीही होते ना! तरसराव त्यांचं नाव. ते राजधानीत सिंहमहाराजांच्या नातवाच्या बारशाला गेले. तिथे त्यांना शेजारच्या जंगलाचे लांडगेसाहेब भेटले. लांडगेसाहेबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. शिपायांच्या गळ्यात चकचकीत शिट्ट्या होत्या.

"एवढं कुठून आणलंत?" तरसरावांनी विचारलं.

"गुन्हेगारी निवारण अनुदान," लांडगेसाहेब म्हणाले. "आमच्याकडे चोऱ्या भरपूर. देवाची कृपा."

तरसरावांना बारशाचे पेढे गोड लागेनात. ते तडक अनुदानाच्या कचेरीत गेले. तिथे एक कासव बसलं होतं.

"तुमच्याकडे गुन्हे किती?" कासवाने विचारलं.

"फारसे नाहीत हो. आमची एक जुनी रीत आहे, त्यामुळे..."

"मग निवारण कशाचं करणार?"

तरसरावांनी मान खाली घातली. गृहपाठ न केलेल्या मुलासारखं त्यांना झालं. मग ते हळूच म्हणाले, "एक चोर आहे तसा."

"चालेल. सुरुवात एकावर करू," कासव म्हणालं. "पण पैसे होळीच्या आत संपवा. उरले तर परत, आणि पुन्हा मागायला यायचं नाही. आमचे बगळेसाहेब तपासणीला येतील. कोठडी रिकामी दिसली, तर सगळंच परत."

मुलांनो, पैसे वाचवायला अक्कल लागते आणि संपवायला त्याहून जास्त. तरसरावांकडे दुसरी अक्कल भरपूर होती. तळ्याकाठी दगडी कोठडी उभी राहिली. टेहळणीचा उंच मनोरा उभा राहिला. शिपाई म्हणून वानरं नेमली आणि त्यांना उंचावर चढायचं प्रशिक्षण द्यायला राजधानीहून तज्ज्ञ आले. तज्ज्ञ म्हणजे बदकं होती. त्यांनी खाली उभं राहून फार छान समजावून सांगितलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी वानरांनी गुणाजीला धरलं.

"अवं सभापती!" वेणूबाई धावत आली. "माझा राखणदार न्हेताय कुठं?"

"राखणदार कसला? चोर आहे तो. गेल्या वर्षी तुमचंच अंडं खाल्लं ना?"

"त्याचीच शिक्षा भोगतोय की त्यो!"

"ती शिक्षा बिनखर्चाची आहे," तरसराव म्हणाले. "राजधानीत ती धरत नाहीत."

गुणाजी कोठडीत गेला. सगळी वानरं मनोऱ्याला तोरणं बांधायला गेली. घोरपडीने अंड्यांकडे बघितलं. मग गुणाजीच्या जागेकडे बघितलं. जागा रिकामी होती.

वेणूबाई ओरडली तेव्हा एक अंडं गेलेलं होतं.

"शिट्टी वाजवा! तिच्या मागं पळा!" ती मनोऱ्याखाली रडत म्हणाली.

"शिट्टी साहेब आल्यावर वाजवायची आहे," वरून वानर म्हणालं. "आत्ताच फुंकली तर थुंकी जाते आत."

वेणूबाईने डोळे पुसले. उरलेली अंडी तिने कमळाच्या पानावर घेतली आणि पान ओढत ओढत कोठडीपाशी आणलं. गज इतके जवळजवळ होते, की ती कशीबशी आत शिरली. घोरपडीचं काही तिथे चाललं नसतं.

गुणाजीने अंड्यांवरून नजर फिरवली. त्याचा चेहरा उतरला.

"एक कमी हाय," तो म्हणाला. "म्या न्हाई खाल्लं, वेणूबाई."

"ठावं हाय रं मला," ती म्हणाली आणि अंड्यांवर बसली. गुणाजी शेपटी गुंडाळून गजांशी बसला. आता तो पुन्हा राखणीला बसला होता, फक्त आतल्या बाजूने.

इतक्यात शिट्ट्या वाजल्या. बगळेसाहेब आले. त्यांनी लांब मान गजांतून आत घातली.

"चोर एक, ठीक आहे. पण ही अंड्यांतली कोण?"

तरसरावांना घाम फुटला. "ती... आतच आहेत, साहेब."

"म्हणजे बालगुन्हेगार!" बगळेसाहेबांचे डोळे भरून आले. चोचही थोडी ओली झाली. "इतक्या लहान वयात!"

"अवं, अजून फुटलीबी न्हाईत ती!" वेणूबाई किंचाळली.

"म्हणूनच कौतुक वाटतं, तरसराव. किती वेळेवर पकडलीत! बालगुन्हेगारांचं अनुदान वेगळं असतं. मोठं असतं."

"यातलं एक कमी आहे, साहेब," तरसराव आता धीर येऊन म्हणाले. "फरार असावं."

"वा! फरारींचंही वेगळं असतं."

तर मुलांनो, अंडी कोठडीतच फुटली. पिल्लांना पाण्याचा आवाज ऐकू यायचा, पण बाहेर वानरांचा पहारा असायचा, म्हणून पाण्यात जाता यायचं नाही. वेणूबाईने विचारलं, तेव्हा तरसराव म्हणाले, "कोठडीत तळं बांधायची योजना आहे. प्रस्ताव गेलाय."

मग एकदा वानरांना पुन्हा प्रशिक्षणाला बोलावलं. बदकं आली होती. गुणाजीने गजांतून बाहेर बघितलं आणि पिल्लांना हळूच म्हणाला, "हे गज माझ्यासाठी हायेत, तुमच्यासाठी न्हाईत. व्हा म्होरं."

पिल्लं गजांतून सुळकन निघाली. आईमागून तुरुतुरु तळ्यात उतरली. गुणाजी गजांना नाक लावून बघत राहिला, आणि त्याला इतका आनंद झाला, की त्याने स्वतःचीच शेपटी चावली.

तरसरावांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. उलट नाचले. सगळेच फरार! त्या वर्षी मनोरा आणखी उंच झाला. त्यावर बसून वानरं दिवसभर पिल्लांना पोहताना बघत. पकडत मात्र नसत. पकडली तर फरार कोण राहणार?

वेणूबाई रोज गुणाजीला मासोळी आणून देते.

"पिल्लं पान्यात उतरली," गुणाजी परवा म्हणाला. "रीतीपरमानं माझी शिक्षा संपली की."

"तुझी संपली रं," वेणूबाई म्हणाली. "पर त्यांचं अनुदान कुठं संपलंय?"

तात्पर्य: चोराला कधीही राखणीला बसवू नये. तो फुकटात सुधारतो आणि फुकटात झालेल्या कामाला कुठलीही राजधानी मदत करत नाही. तुमच्या गल्लीत एकही चोर नसेल, तर बाळांनो, आत्ताच एखादा शोधून ठेवा. होळी जवळ आली आहे.