पोत्याला सांगितलेली गोष्ट

आलेल्या प्रत्येक पत्राला मी तीन दिवसांत उत्तर देतो. फोनवर माझी बोबडी वळते, म्हणून ही शिस्त. अपवाद एकाच कार्डाचा. आठ महिन्यांपूर्वी ते हिमाचलातल्या किन्नौरहून आलं, लखनलालचं. शेवटची ओळ होती, "मास्तर, तू काऊन उतरलास?"

लखनलाल राइस मिलचा फिटर, माझा बालमित्र. निवृत्तीनंतर सात वर्षं खपून त्याने सौंदडच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बनवलं. दिसायला धान उफणायच्या पंख्याला कापडी पंख फुटल्यासारखं! उडायची परवानगी आली, तेव्हा त्याच्या बायकोला, दुलारीवहिनींना, जाऊन वर्ष झालं होतं.

"मास्तर, उत्तरेले जाऊ. बर्फ पाहू. तू रस्ता सांग."

मी चाळीस वर्षं शाळेत ग्रंथपाल, म्हणून गावाचा मास्तर. आयुष्यात एकदाच बढाई मारली, "डोळे मिटून नेतो! सगळे नकाशे पाठ आहेत!"

निघायच्या सकाळी अर्धं सौंदड शेतात. हार, नारळ, पेपरवाल्याचे फोटो. मागच्या सीटवर मी, विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखा. इंजिन सुरू झालं आणि मी पट्टा सोडला!

"लखन, जरा लघवी करून येतो!"

पुढे बसलेल्या लखनच्या कानांवर हेल्मेटचे जाड पट्टे. त्याला काही ऐकू गेलं नाही. हेल्मेट सीटवर ठेवून मी पंख्याने उडवलेल्या धुरळ्यातून मोहाच्या झाडामागे गेलो. लघवी लागलीच नव्हती. नुसता उभा राहिलो. थोड्या वेळाने डोक्यावरून विमान गेलं!

धावत परत आलो. गर्दी विमानामागे पार शेताबाहेर पळाली होती. मिलचा जुना हमाल सुकराम हात झटकत होता.

"सुकराम, तो एकटाच गेला?"

"एकटे कायले? मागं धानाचं पोतं बांधलं ना जी!"

"पोतं?"

"रोजच्या चाचणीत तुमच्या जागी तेच रायते. मागं वजन नसलं तं विमान नाक घासते. तुमी उतरले, मी पोतं चढवलं. हेल्मेट उडन म्हणून त्याच्याच डोक्यावर बसवलं."

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'गोंदियाचे गुरुजी आकाशात!' आता घराबाहेर कसा पडू? महिनाभर कोंडून घेतलं. शेजारचा दुलीचंद दारात येऊन सुनेला विचारायचा, "रीताबाई, गुर्जीले तिकडं थंडी लागत असन ना?"

"लय!" रीता सांगायची. आत मी शिंक दाबायचो. एकदा दाबली गेली नाही.

दुलीचंद आत डोकावला. "अरे! तुमी तं हिमालयात हाव ना?"

"उतरलो," मी म्हणालो.

मग ते कार्ड आलं. "सिवनीपर्यंत तासभर तुले दुलारीचं सांगत होतो. दवाखान्यात ती मले बोलावून राहिली होती आन् मी शेडमंदी पंखाले कापड लावून राहिलो होतो. आजवर कोनाले सांगतलं नाही. आरशात तुयं हेल्मेट दिसे. तू मधी एकदाही बोलला नाहीस. मले वाटलं, मास्तर रडून राहिला. उतरून पाह्यतो तं पोतं!" आणि त्याखाली ती शेवटची ओळ.

उत्तराचे अकरा मसुदे केले. एकात गुडघेदुखी, एकात चुकीचा नकाशा, एकात तर सगळा दोष सुकरामचा!

परवा तोच सुकराम आला. "लखन मिस्त्रीचा फोन आला होता जी. तिकडंच सफरचंदवाल्याकडं राहून राहिले. म्हंते, आता गावाले येत नाही. तिथं माह्यं ऐकनारं कोन हाय?"

तो गेल्यावर बारावा कागद घेतला.

"लखन, मी भ्यालो होतो. लघवी लागली नव्हती. परत ये. वहिनींचं मला सांग, पहिल्यापासून. मी समोर बसेन, उठणार नाही. फक्त जमिनीवर सांग."

स्टेशनजवळच्या टपालपेटीत पत्र टाकलं. टाकल्याटाकल्या वाटलं, त्या शेवटच्या वाक्यात मी पुन्हा भ्यालोच, ते खोडायला हवं होतं. हात आत घालून पाहिला. मनगटापर्यंतच जातो.