पाणी न सोडणारं मशीन

गुरम्माबाई भावाच्या घरभरणीसाठी लातूरहून जवळच्याच मुरुडला निघाल्या तेव्हा त्यांनी मन्मथप्पांना तीन गोष्टी बजावल्या. रात्री गॅसचं बटण बघायचं, राखीव पाण्याच्या निळ्या ड्रमचं झाकण उघडायचं नाही आणि कपडे धुवायच्या मशीनला हात लावायचा नाही. ऑटोत बसताबसता त्यांनी चौथीही सांगितली.

"तुम्ही आपलं वाचत बसा. बाकी मी आल्यावर बघते."

पहिल्या तीन गोष्टींचं मन्मथप्पांना काही वाटलं नाही. चौथी मात्र लागली. ते शाळेच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं होते. अंधारात हात घातला तरी हवं ते पुस्तक हाताला लागेल, अशी त्यांची कपाटं होती. घरात मात्र त्यांनी केलेलं एकही काम गुरम्माबाई पुन्हा केल्याशिवाय सोडत नसत. त्यांनी चादरीची घडी घातली की त्या ती मोडून पुन्हा घालत. त्यांनी निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात जात. रागावत नसत, बोलतही नसत. नुसतं पुन्हा करत. एक तरी काम आपल्या हातून असं व्हावं की तिला पुन्हा करावं लागू नये, एवढीच मन्मथप्पांची इच्छा होती. ती त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी ती आहे की नाही याचीच त्यांना खात्री नव्हती.

बुधवारी जेवताना वरणाची वाटी पलंगावर सांडली. गुरम्माबाई शनिवारी सकाळी येणार होत्या. शनिवारीच आठ दिवसांनी नळ येणार होता. वरणाची चादर तोवर तशीच ठेवणं म्हणजे "बाकी मी आल्यावर बघते" हे वाक्य खरं करून दाखवणं होतं.

मन्मथप्पांनी मशीनचं माहितीपुस्तक शोधलं. आठ वर्षांत ते कुणी उघडलंही नव्हतं. हातात पेन्सिल घेऊन त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मग वापराच्या पाण्याच्या दोन पांढऱ्या ड्रमांपैकी एकातल्या चार बादल्या मशीनमध्ये ओतल्या, चादर टाकली आणि एक बटण दाबलं. मशीन फिरू लागलं. ते फिरतंय तोवर मन्मथप्पा हात जोडल्यासारखे समोर उभे होते.

अर्ध्या तासानं मशीन थांबलं आणि ओरडू लागलं. आतलं पाणी जिथल्या तिथं होतं. त्यांनी पान एकतीस काढलं. पाणी बाहेर जात नसल्यास सर्वप्रथम नळी तपासावी, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. नळी तर भिंतीच्या भोकातून घरामागं गेलेली. तेवढ्यात आवाज ऐकून शेजारचे रेवणप्पा दारात आले. त्यांचं धान्याचं दुकान होतं आणि कोणत्याही विषयावर त्यांचं मत तयार असे.

"शरणार्थ," रेवणप्पांनी हात जोडले. "काय करलालाव, आप्पा? मशीन तर बोंबलून राहिलंय."

मन्मथप्पांनी नळीचं सांगायला तोंड उघडलं, पण रेवणप्पांनी तोवर बजरंगला फोन लावला होता. बजरंग कूलर, मिक्सर आणि मोटारी दुरुस्त करायचा. तो आला, त्यानं मशीनला दोन थापट्या मारल्या आणि पाणी सोडायची मोटार जळाल्याचं जाहीर केलं.

"पुस्तकात नळी बघा म्हणून दिलंय," मन्मथप्पा हळूच म्हणाले.

"नळीला काय होतंय, आप्पा? नळी म्हंजे नळी. पुस्तकवाले काईबी लिवतेत."

पुस्तकवाले काहीही लिहितात हे मन्मथप्पांना नवीन नव्हतं, तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं. बजरंगनं मशीनमधलं पाणी तांब्यातांब्यानं उपसून मोरीत फेकलं. नवी मोटार बसवली. ती चालते का बघायला पुन्हा चार बादल्या ओतल्या. पाणी जागचं हललं नाही. मग बजरंगला संशय आला की दोष मोटारीत नसून वरच्या सर्किटात असावा. पुन्हा उपसणं झालं, सर्किट काढून उन्हात ठेवणं झालं, पुन्हा चार बादल्या. गुरुवारी दुपारपर्यंत पहिला पांढरा ड्रम संपला आणि दुसऱ्याचा तळ दिसू लागला. मशीन पाण्याला धरूनच बसलं होतं. रेवणप्पा दुकानातून मधूनमधून येऊन, हे मशीन मूळचंच हट्टी आहे, असं सांगून जात.

शेवटी बजरंग चिडला. त्यानं नळी मशीनपासून सोडवली, कूलरची धूळ उडवायचा ब्लोअर तिला लावला आणि बटण दाबलं. एक क्षण काही झालं नाही. मग भिंतीपलीकडं फट् असा आवाज झाला, मागच्या पत्र्यावर काहीतरी आदळलं आणि गल्लीतलं कुत्रं केकाटत लांब पळालं.

तिघंही मागं धावले. गटारीच्या कडेला मक्याचं बुरकुंड पडलं होतं, दाणे काढलेलं रिकामं कणीस. त्याला चिंधी गुंडाळलेली होती आणि ते मधोमध चिरलं होतं.

"उंदीर," बजरंग म्हणाला.

रेवणप्पांनी लगेच दुजोरा दिला. चाळीस वर्षं धान्याच्या दुकानात उंदरांशी गाठ पडलेली. उंदीर कणीस ओढत नेतो, त्याला चिंधीत घालून बिळात साठवतो, माणसापेक्षा हुशार जात, असं त्यांनी खुलासेवार सांगितलं.

मन्मथप्पांनी बुरकुंड उचललं. चिंधी चौकड्यांची होती. तशी एक लुंगी पूर्वी त्यांच्याकडं होती. शिवाय चिंधीला पक्की दुहेरी गाठ मारलेली होती. उंदीर गाठ मारतो का, असा प्रश्न त्यांच्या अगदी जिभेवर आला. पण एकीकडं चाळीस वर्षांचा धान्याचा व्यापारी आणि दुसरीकडं मोटारीचा मिस्त्री, आणि आपण उंदरांवर काहीच वाचलेलं नाही. त्यांनी प्रश्न गिळला आणि बुरकुंड होतं तिथं ठेवलं.

नळी जोडल्यावर मशीन असं काही चाललं की बघत राहावं. पाणी खळाळत गटारीत गेलं. मन्मथप्पांची चादर पांढरीशुभ्र निघाली. बजरंग म्हणाला, नवी मोटार आहे, भरगच्च दोन घाणे काढून बघितले पाहिजेत. घरात तर दोन घाण्यांचे कपडे नव्हते. रेवणप्पांकडं होते. ते दुकानातल्या गाद्यांच्या खोळी, तक्क्यांचे अभ्रे आणि एक सतरंजी घेऊन आले. नको म्हणायला मन्मथप्पांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पहिला घाणा फिरायला लागला. दुसऱ्या घाण्याच्या मध्यावर पांढरे ड्रम खडखडीत झाले. साबणानं माखलेली सतरंजी तशीच कशी ठेवायची, असं रेवणप्पांनी विचारलं. शेवटी मन्मथप्पांनी निळ्या ड्रमचं झाकण उघडलं.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. भाचा शिवम गाडीनं लातूरला यायला निघाला होता, त्याच्याबरोबर गुरम्माबाई आजच येत होत्या. तासाभरात त्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्याआल्या पाय धुवायला गेल्या, एक झाकण उघडलं, दुसरं उघडलं आणि मग निळ्या ड्रममध्ये डोकावल्या.

"अवो."

रिकाम्या ड्रमनं तो शब्द घुमवून मन्मथप्पांपर्यंत पोचवला.

त्यांनी सगळं सांगितलं. चादर, मोटार, सर्किट, ब्लोअर, खोळी. शेवटी उंदरापाशी आले आणि जरा ताठ होऊन म्हणाले, आता मशीनला काही अडचण नाही, सगळं पाणी एका झटक्यात गटारीत जातं.

गुरम्माबाई तडक मागं गेल्या. परत आल्या तेव्हा चिरलेलं बुरकुंड त्यांच्या हातात होतं.

"त्यो उंदीर मीच हाय," त्या म्हणाल्या.

दुष्काळात ज्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं आलं, त्या वर्षापासून त्यांनी ते बुरकुंड नळीत बसवलं होतं. मशीन ओरडलं की त्या मागं जात, नळीखाली बादली लावत आणि बुरकुंड काढत. त्या पाण्यावर संडास, अंगण आणि मागचं लिंबाचं झाड चालायचं. एक थेंबही त्यांनी गटारीला दिला नव्हता. मशीनला हात लावू नका म्हटलं ते त्यासाठी. मन्मथप्पांना वाटलं होतं त्यासाठी नव्हतं.

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुम्ही आत वाचत असता. कधी इच्यारलं का?"

मन्मथप्पांनी विचारलं नव्हतं. त्या झाडाची लिंबं मात्र ते कित्येक वर्षं पिळून खात होते, आणि झाड गुणी आहे असं समजत होते.

ते उठले. पुस्तक काढून पान एकतीसवर, नळी तपासावी या ओळीपुढं, त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, "या घरात हा बिघाड नाही, सोय आहे." मग कपाटाच्या तळातला शिक्का काढला. निवृत्त झाले त्या दिवशी ग्रंथालयातला जुना लाकडी शिक्का शाळा टाकून देणार होती, तो त्यांनी मागून घेतला होता. बुरकुंड तर चिरलेलं. ते शिक्का घेऊन मागं गेले आणि शिक्क्याची गोल मूठ नळीत घातली. मूठ अशी बसली, जणू सुतारानं नळीचं माप घेऊनच घडवली होती. शिक्क्याचं रबराचं तोंड बाहेरच्या बाजूला राहिलं.

गुरम्माबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्या वाकल्या. त्यांनी शिक्का धरून हलवला. मग नळीतल्या उरल्यासुरल्या थेंबांनी ओल्या झालेल्या हाताचा तळवा त्यावर ठेवून जोरात दाबला. आता त्या तो काढतील आणि पुन्हा बसवतील, म्हणून मन्मथप्पांनी मान खाली घातली.

"बसलंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मन्मथप्पा बराच वेळ तिथंच उभे राहिले. त्या परत आल्या नाहीत. आत गेल्यावर त्यांना दिसलं, गुरम्माबाई दिव्याखाली हात धरून तळवा निरखत होत्या. इतक्या वर्षांच्या सुकलेल्या शाईला ओल लागली होती, आणि तळव्यावर फिकट जांभळ्या अक्षरांत सुलटं उमटलं होतं, "तपासले".

पदरानं ते निघेना. माठातलं पाणी फक्त पिण्याचं होतं. नळ उद्या सकाळी यायचा होता, आणि तोवर ते धुऊन टाकायला घरात पाणी नव्हतं.