बटण दाबायचं कुणी?

मास्तरांच्या नव्या दाराने सुताराची झोप उडवली होती. दार लावलं तरी दोन बोटं उघडंच राहायचं. मास्तर म्हणत दार वाकडं, सुतार म्हणे भिंत वाकडी. मास्तर तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण ते येणाऱ्याजाणाऱ्याला दार ढकलून दाखवायचे, आणि सुताराचं चाळीस वर्षांचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत धुळीला मिळत होतं.

शेवटी सून म्हणाली, "बाबा, भांडण मिटवायची सोय आता मोबाइलवर आहे. मध्यस्थ दोघांचं ऐकून घेतो. घरबसल्या."

"त्याला रंधा धरता येतो का?"

"ऐकता येतं. तुम्हा दोघांपेक्षा तेवढं जास्तच."

सुनेने अर्ज भरला, दाराचे चार फोटो जोडले. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही मोबाइलवर निरोप आला: सुरुवात करायला बटण दाबा. सुताराने चष्मा पुसला आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "म-ला मान्-य आहे. काय मान्य आहे?"

"त्यांचे नियम हो."

"म्हणजे दार वाकडं म्हणून आधी कबूल करू, आणि मग न्याय मागू?"

"अहो, हे सगळ्यांनाच दाबावं लागतं!"

"म्हणून तर सगळे हरतात."

सुनेने कपाळावर हात मारला. मोबाइल रोज आठवण करत राहिला, सुतार रोज तो पालथा घालत राहिला. पाचव्या दिवशी मास्तरच तणतणत आले.

"काय हो, तुम्ही दाबलंत?"

"बोट तोडून देईन. तुम्ही?"

"छे! भिंत वाकडी आहे असं माझ्याकडून वदवून घेतायत."

"बघ," सुतार सुनेला म्हणाला, "शिकलेला माणूस आहे."

महिन्याभरात दोघांचं पहिल्यांदाच पटलं होतं. त्या भरात सुतार ओळंबा घेऊन मास्तरांकडे गेला. दोरी भिंतीशी धरली. भिंत सरळ. मग दाराशी धरली, आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मास्तरही बघत होते.

"भिंतीचं वय झालंय," सुतार शेवटी म्हणाला. "तिला कशाला त्रास? दारालाच जरा समजावतो."

मास्तरांनी हसू गिळलं. "तेच बरं."

संध्याकाळी दार अलगद बंद झालं. तेवढ्यात मोबाइल वाजला. वाद मिटला असल्यास दाबा: मला मान्य आहे.

"दाबा," मास्तर म्हणाले.

"दार तुमचं. तुम्ही दाबा."

"अर्ज तुमचा!"

"पण तक्रार कुणाची?"

मास्तरांच्या बायकोने दोघांनाही बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. दार इतकं नेमकं बसलं होतं, की बाहेरचा एक शब्दही आत येत नव्हता.