राणीच्या गळ्याखालचा ठिपका

दाक्षायणीबाईंच्या घरातली भांडी बघताना डोळ्यांवर हात धरावा लागतो, असं अख्खी गल्ली म्हणते. गल्ली विसरली तर त्या स्वतः म्हणतात! त्यांच्या घागरीत तोंड बघून शेजारणी कुंकू लावतात. चिंच, राख आणि नारळाची शेंडी, एवढ्यावर त्यांनी संसार लखलखीत ठेवला. शाळा मात्र दुसरीतच सोडली. मास्तरांचं डस्टर फार मळकं होतं म्हणे!

दुसरी ख्याती जिभेची. बासष्ट वर्षांत ‘चुकलं माझं’ हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. नवऱ्यानंही नाही. तो बिचारा वाट बघून बघून गेला.

तर शनिवारी सकाळी नंदीश आला. नंदीश म्हणजे बाईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा आणि जावईही, म्हणून सासूला तो अजून आत्याच म्हणतो. त्याच्या घरी रंगकाम निघालं होतं, त्यामुळं लेक वैजयंती आठ दिवस माहेरीच होती. नंदीशनं एक पेटी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून आणली.

“आत्या, उद्या नाण्यांचं प्रदर्शन हाय. अकरा वर्षं जमवलीत. नंबर आला की पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात आपलं टेबल लागतंय. मला आज चिंचोळीच्या कारखान्यात रात्रपाळी, घरात रंगवाले. तुमच्या घराइतकी जपणूक सोलापुरात कुटं न्हाय. फकस्त हात लावू नका.”

“मी कशाला लावू? मला काय कामं न्हाईत व्हय?”

त्याची मोटरसायकल कोपऱ्यावर वळली, आणि पेटी उघडली.

शिवा शिवा! अडतीस देशांची नाणी आणि एकही पुसलेलं नाही! सिंह काळा, हरीण हिरवं, भोकाच्या नाण्याच्या भोकातसुद्धा मळ! उद्या लोक काय म्हणतील? दाक्षायणीचा जावई आणि एवढी घाण? बाईंनी पाकिटातली नाणी भराभर परातीत ओतली, वर चिंचेचं पाणी सोडलं आणि बाह्या सरसावल्या. टकल्या राजाला घासलं, दाढीवाल्याला घासलं, ज्याला दोन्ही होतं त्याला दोनदा घासलं.

अडली ती एक राणी. कुठल्याशा बेटावरची, तांब्याची. तिच्या गळ्याखाली बारीक ठिपका होता. तशीच दुसरी एक राणी होती, तिचा गळा स्वच्छ. म्हणजे हिच्यावर नक्की माशी बसलेली! राखेनं ठिपका निघेना. शेंडीनं निघेना. मग बाईंनी विळीचं टोक लावलं. अर्ध्या तासात गळा साफ!

“आता कशी घरंदाज दिसायलीस!” त्या राणीला म्हणाल्या.

दुपारी वैजयंती बाजारातून आली आणि तिच्या हातातली पिशवी गळून कांदे घरभर झाले.

“अव्वा! काय केलीस हे?”

“लखलखलं की न्हाय?”

“अगं, धुतलेलं नाणं स्पर्धेत बाद करत्यात! त्या काळपट रंगालाच किंमत. शंभर वर्षांचा रंग असतोय त्यो!”

“शंभर वर्षं कुणी धुतलं न्हाय म्हणून बक्षीस? अय्यो! मग शेजारच्या सारजाबाईच्या तव्याला पयला नंबर द्या की!”

नेमकी सारजाबाई दारातच उभी. तिच्याकडं शेंगाचटणी कांडायला आठ बायका येतात, सगळ्या गल्लीला ठसका लागेपर्यंत कांडतात. तव्याचं बोलणं तिनं गिळलं आणि इलाज सांगितला.

“दाक्षाक्का, नाणं हातात खेळलं की काळं पडतंय. माझ्या बाया एका हातानं कांडतील, दुसऱ्या मुठीत नाणी धरतील. घामानं संध्याकाळपतुर शंभर वर्षं होतील की!”

झालं! आठ बायका, आठ मुठी आणि मधून फिरणाऱ्या दाक्षायणीबाई.

“घाम गाळा गं! तुझा राजा अजून तरणाच दिसायलाय! आणि तू, हात बदलू नकोस. त्यो हात चटणीचा हाय!”

पण हात बदलले. आठही जणींनी बदलले. संध्याकाळी नाणी परत आली ती तेलकट आणि लालबुंद.

“जुनी दिसायलीत का गं?” बाईंनी विचारलं.

“आजारी दिसायलीत,” वैजयंती म्हणाली.

तिनं पाकिटांवरची नावं वाचून एकेक नाणं ज्याच्या त्याच्या पाकिटात पोहोचवलं. शेवटी दोन राण्या उरल्या, दोघी सारख्या.

“ह्यातली ठिपक्याची कुठली?”

“ठिपका काढला की मी! घाण होती.”

वैजयंती दुपारपासून पडलेल्या कांद्यांतच बसली. “अव्वा, त्या ठिपक्यासाठीच तर ह्यांनी दोन नाणी ठेवलीती! ठिपका म्हंजे दुसऱ्या टाकसाळीची खूण. बिनठिपक्याची पोत्यानं मिळत्यात. ठिपक्याच्या एकीसाठी हे सहा वर्षं पत्रं पाठवत होते!”

बाईंनी दोन्ही राण्या पटकन पाकिटांत सरकवल्या.

“उद्या सांगून टाक त्यांना. चुकलं म्हण.”

“मी? जावयाला?” बाईंनी पेटी लावून टाकली.

रविवारी नंदीश पाळीवरून थेट आला, पेटी उचलली आणि न बघताच, वैजयंतीची हाकही न ऐकता निघाला. त्याच्यामागं रिक्षात बाई इरकल नेसून आणि वैजयंती फोन घेऊन.

प्रदर्शनाच्या हॉलात परीक्षकांनी पहिलंच पाकीट उघडलं आणि ते तीनदा शिंकले. दुसरं उघडलं, डोळ्यांतून पाणी आलं. तिसरं त्यांनी वहीनं वारा घालत उघडलं.

“हे काय आहे?”

नंदीशनं नाणं हुंगलं. शेंगाचटणी! सगळं सोलापूर ओळखेल असा वास. मग परीक्षकांनी भिंग घेतलं. “पाकिटावर ठिपका लिहिलाय. ठिपका कुठंय?”

नंदीशनं राणीकडं बघितलं. मग आत्याकडं. आत्या पंख्याकडं बघत होत्या.

तो परीक्षकांकडं वळला. “मीच धुतली, सर.”

“अकरा वर्षं जमवून असला अडाणीपणा?” परीक्षक कडाडले. “यांचं नाव खोडा! पुन्हा कधीही यांचा अर्ज घेऊ नका!”

पेन नावावर टेकलं.

पंख्याकडं बघणं आता बाईंना जमेना. त्यांच्या जावयाला अडाणी! तेही शिंकून शिंकून नाक पुसणाऱ्या माणसानं!

“ओ भिंगवाले! कुणाला अडाणी म्हणायलाय? त्यो काय धुणार? घरी चहाचा कप धुवत न्हाय त्यो! मी धुतली! ठिपका मी काढला! त्याचं नाव खोडू नका! चुकलं माझं!”

पेन वर उठलं. परीक्षकांनी बाईंचा चेहरा बघितला, कमरेवरचे हात बघितले आणि घाईघाईनं म्हणाले, “नाव राहू द्या. पेटी तेवढी बाद.”

बाहेर पायरीवर नंदीश पेटी मांडीवर घेऊन बसला. राणीचं पाकीट पुन्हा एकदा हुंगलं. मग त्याला हसू फुटलं.

“आत्या, ठिपक्याची राणी अजून कुठंतरी सापडेल. आत ऐकलं ते कुठल्या देशात मिळायचं न्हाय.”

वैजयंती फोनवर बोटं आपटत होती. “अव्वा, तू आधी बोललीस आणि बटण मग दाबलं गेलं. काहीच रेकॉर्ड झालं न्हाय. पुन्हा एकदा म्हण की!”

दाक्षायणीबाईंनी पदर खोचला आणि रिक्षाला हात केला.

“एकच होतं. संपलं.”