आक्कांच्या मालिकेत कुणी मरत नाही

आमच्या वस्तीवरच्या हौसाक्का माणसांनाही रिमोट दाखवतात. दोन बाया त्यांच्या ओट्यावर तावातावानं बोलायला लागल्या, की आक्का कमरेला खोचलेला टीव्हीचा रिमोट उपसतात, बोलणारीच्या तोंडासमोर धरतात आणि म्हणतात, "थांब. मागं घे. काय म्हनलीस तू आत्ता?" गंमत म्हणजे बाई थांबते. शब्द मागंही घेते. गावात तंटे मिटवायला समिती आहे म्हणतात. आमच्या वस्तीवर तिला कधी यावं लागलं नाही.

कासुर्डीपासून थोडं आत, रानातच आमची पाच-सहा घरं आहेत. मी मूळची दौंडची. लग्न होऊन इथं आले त्याला किती वर्षं झाली, केडगावच्या पतसंस्थेत कारकून म्हणून मला सगळे ओळखतात, पण शेजारच्या आक्का मला अजून 'दौंडकरीण' अशीच हाक मारतात. आमची संस्था सकाळ-संध्याकाळ चालते, दुपारी बंद असते. म्हणून आक्कांच्या घरची दुपार मला कधी चुकली नाही.

आमच्याकडं सगळी फुलशेती. शेवंती, अॅस्टर, झेंडू. तांबडं फुटायच्या आत बाया फुलं तोडायला वाकतात, त्यामुळं रात्रीच्या मालिका सुरू व्हायच्या वेळी वस्ती घोरत असते. मोबाईल पोरांच्या हातात आणि रेंज विहिरीच्या काठावर. आक्कांचा मुलगा दिनेश रांजणगावच्या एका कंपनीत आहे, राहतो शिरूरला. "आई, चल माझ्याकडं," असं तो दर खेपेला म्हणायचा, आणि आक्का म्हणायच्या, "तुझ्या फ्लॅटात शेवंती कुठं लावू?" शेवटी त्यानं हार मानली आणि आईला भला मोठा टीव्ही आणि त्याच्यासोबत रेकॉर्डिंगचा बॉक्स आणून दिला. रात्रीचा कार्यक्रम बॉक्स आपोआप भरून ठेवणार, आई दुपारी निवांत बघणार.

आईनं त्या बॉक्सचं थेटरच केलं. जेवणं उरकली की बाया जमायच्या. पाय धुऊन आत यायचं, चपला भिंतीकडं तोंड करून काढायच्या, मध्ये बोलायचं नाही. आक्का मात्र मध्ये बोलायच्या. नायिकेनं खोट्या कागदावर सही करायला पेन उचललं, की चित्र थांबवून तिला सुनवायच्या, "वाच आदी, वाच! शिकलीस कशाला मग?" आणि तिनं वाचावं म्हणून पुरेसा वेळ देऊन मगच चित्र पुढं सोडायच्या.

पण आक्कांची खरी करामत वेगळी होती. आम्हाला दाखवायच्या आधी त्या सगळं एकट्या बघून घ्यायच्या आणि नको ते आमच्यासमोर भराभर पुढं पळवायच्या. "त्यात काय न्हाई, रडारड हाय." झालं! कोण कुठं गेलं, कशानं गेलं, काही कळायचं नाही. यवतच्या बाजारात आमच्यातल्याच इंदूचं एका बाईशी चांगलंच वाजलं. ती बाई म्हणाली, "थोरली सून मेली की गेल्या आठवड्यात!" इंदू म्हणाली, "कुठं मेली? आमच्याकडं माहेराला गेलीय." दोघी हट्टाला पेटल्या. इंदू तरातरा आली आणि तिनं आक्कांनाच विचारलं. आक्का शांतपणे म्हणाल्या, "माहेरालाच गेलीय. त्या बाईचा टीव्ही बिघडला आसंल."

आम्हाला त्यांचा फार अभिमान होता. आख्ख्या पंचक्रोशीत आमच्याइतक्या सुखरूप मालिका कुणी बघत नव्हतं.

आणि एके दिवशी रिमोट दाबला तर पडद्यावर पाटी आली. तंत्रज्ञानाच्या हक्काबाबत वाद सुरू असल्यामुळं रेकॉर्डिंगची सुविधा पुढील सूचनेपर्यंत बंद. आधी भरून ठेवलेलं सगळंही कुलूपबंद. आक्कांनी रिमोट झटकला, सेल काढून उन्हात ठेवले, पुन्हा घातले. पाटी ढिम्म.

मी त्यांना स्कूटीवर बसवून केडगावच्या डीलरकडं नेलं. तो बिचारा स्वतःच रेकॉर्डिंगच्या बॉक्सांच्या ढिगाशेजारी तोंड पाडून बसला होता. विकायला बंदी, परत घ्यायला कंपनी तयार नाही. त्यानं सांगितलं, ही बॉक्सची कंपनी विरुद्ध दुसरी एक कंपनी, असा खटला चालू आहे. चालू कार्यक्रम भरून ठेवायची युक्ती आमची, पेटंट आमचं, तुम्ही न विचारता वापरलीत, असं दुसरीचं म्हणणं. कोर्टानं तूर्त वापर थांबवायला सांगितला, तर हिनं वरूनच सगळ्यांचे बॉक्स बंद केले.

"पेटंट म्हंजी?" आक्कांनी मला विचारलं.

"एखाद्यानं नवी युक्ती शोधली की ती त्याची. दुसऱ्याला वापरायची तर त्याला विचारायचं, मोबदला द्यायचा."

"म्हंजी त्याच्या हिरीवर ह्यानं न इचारता मोटर टाकली."

"अगदी तसंच."

"मग चूक ह्याचीच हाय. म्या बी वायर तोडली आसती." आणि आक्का डीलरकडं वळून कडाडल्या, "पर तोडायची तर मोटरवाल्याची वायर तोडा! पानी पिनाऱ्याच्या तोंडचा तांब्या का वढता?"

डीलरनं हात जोडले आणि तक्रारीचा नंबर लावून दिला. पलीकडून गोड आवाज आला, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"टीव्ही चालू कर माझा."

"मॅडम, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्याबदल्यात आपल्याला क्रीडा वाहिन्या काही महिने मोफत मिळतील."

"क्रीडा म्हंजी?"

"खेळ मॅडम. क्रिकेट, फुटबॉल."

"बाई गं, पहाटंपासनं वाकून फुलं तोडतो आमी. आता दुपारी फुटबॉल खेळायचा व्हय? फुकटचं आमाला काय नगं. आमचं व्हतं ते दे."

मुलगी तेच तेच वाक्य पुन्हा म्हणत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "मॅडम, आजच्या संभाषणाबद्दल आपण समाधानी आहात का?"

"न्हाई. तू जेवलीस का?"

त्या गोड आवाजातलं सगळं पाठांतर गळून पडलं. "नाही अजून, आजी."

"मग जेव जा आदी. भांडन काय, उंद्या बी करता येईल." आणि आक्कांनी फोन ठेवला.

भांडण त्यांनी केलंच. रोज केलं. पण आम्हाला एक कोडं सुटेना. त्याच मालिका दुपारी टीव्हीवर पुन्हा लागतात. रेकॉर्डिंगची गरजच काय? इंदू म्हणाली, "आक्का, दुपारचं बघू की. फकस्त जाहिराती बघाव्या लागतील, लागू द्या." आक्का म्हणाल्या, "माझ्या घरात शिळं लागनार न्हाई." आम्ही म्हणालो, भरून ठेवलेलं तरी कुठं ताजं होतं? त्यावर त्यांनी रिमोट कमरेला घट्ट खोचला आणि विषय संपवला. दुपारी बाया यायच्या, बंद टीव्हीसमोर बसून चहा घ्यायच्या आणि जायच्या. हळूहळू कमी यायला लागल्या. "मानी बाई," इंदू म्हणायची, "कंपनीचा राग आमच्यावर काढतीय."

एका दुपारी आक्का चुलीपाशी चहा करत होत्या. इंदूनं सरळ उठून टीव्हीचंच बटण दाबलं. आमचीच मालिका लागली होती. आम्ही खुशीत पुढं सरकलो. पडद्यावर दवाखाना होता, खाटेवर धाकटी सून, दिवस भरलेली. ती कळा देत ओरडली.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आक्का धावत आल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहून पदरानं टीव्ही पुसायला लागल्या. "किती गं धूळ बसलीय!" टीव्ही मोठा, आक्का बारीक. एका बाजूला गेल्या की दुसऱ्या बाजूनं नर्स दिसायची, तिकडं धावल्या की इकडून डॉक्टर. आवाज तर कशानंच झाकेना. मग त्याच मोठ्यानं बोलायला लागल्या. "शेवंतीवर मावा पडलाय! कुनी काय फवारलं? आं? बोला की!" हा सगळा गोंधळ, आणि त्यात रिमोट कमरेलाच आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

मला हसू फुटलं. इंदूनं तोंड उघडलं, आणि तिची नजर दाराजवळ बसणाऱ्या छबूमावशींकडं गेली.

छबूमावशी खाली जमिनीकडं बघत होत्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. त्यानंतर मावशी वर्षभर शेत सोडून कुठं दिसल्या नाहीत. हा टीव्ही आला तेव्हा आक्काच त्यांच्या घरी गेल्या होत्या आणि हाताला धरून त्यांना घेऊन आल्या होत्या. माझं हसू तिथंच विरलं. आक्कांनी आजवर पळवलेलं एकेक आठवायला लागलं. डोहाळजेवण, दवाखाना, पाळणा, सरण. ज्याला आम्ही आक्कांची खोड म्हणून बाजारभर सांगत सुटलो होतो, ते सगळं.

इंदू उठली. मला वाटलं, टीव्ही बंद करेल. ती आक्कांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आपला खोचलेला पदर सोडवला आणि म्हणाली, "आक्का, ह्या अंगालाबी लई धूळ हाय." मग मीही उठले. साबणाची जाहिरात लागेपर्यंत आम्ही तिघी एक स्वच्छ टीव्ही पुसत होतो.

पुढं दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली. हिनं तिला मोबदला द्यायचं कबूल केलं, तो साहजिकच बॉक्सच्या महिन्याच्या वाढीव भाड्यातून निघायला लागला, आणि आता एका वेळी एकच वाहिनी भरून घेता येते. पण रेकॉर्डिंग सुरू झालं. डीलरचा ढीग हलला. आक्कांनी ही बातमी अशी सांगितली, जणू खटला त्यांनीच जिंकला होता. आणि आम्हीही गावभर तशीच सांगितली.

पहिल्या दुपारी सगळ्या जमलो, पोटभर हसलो. परत निघाले तेव्हा बांधावर छबूमावशी सोबत होत्या. चालता चालता त्या एकाएकी म्हणाल्या, "दौंडकरणी, म्या समदं बघितलंय. माझा पोरगा हिरीवर मोबाईलात भरून घेतो, घरी लावतो. रडू येतं, येऊन जातं."

मी थांबले. "मग आक्कांना सांगितलं का नाही, मावशी?"

"आन् कशापायी सांगू?" त्या चालतच राहिल्या. "आक्काचा पोरगा शिरूरला, मालक केव्हाचे गेले. कुनाला तरी जपायला लागतं की बाईला. म्हनून म्या जाते रोज."